उसात बछडे सापडले तर

आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्या आता डोंगरातून खाली उतरत नाही, तो उसातच जन्मतो. आडसाली ऊस दीड वर्ष उभा; आत गारवा, पाटाला पाणी, वस्तीवर भरपूर कुत्री. मादी फडातच विते आणि कारखाने सुरू झाले की नेमकी तिथंच तोड येते.

गेल्या हंगामात आमच्या फडात पाचटाखाली तीन बछडे निघाले. मांजराच्या पिल्लाएवढे, डोळे नुकते उघडलेले. टोळीतल्या बाईने ओरडून सगळ्यांना मागे सारलं, मुकादमाने तोड थांबवली. इथवर ठीक होतं. पण घटकाभरात बांधावर जत्रा जमली. एकाने पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढला, दुसरा गाईचं दूध घेऊन आला, तिसरा घरीच न्यायला निघाला.

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू घरी नेलं तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. कायदा घडीभर बाजूला ठेवा. पिल्लं गायब झाली की मादी त्याच शिवारात चवताळून फिरते आणि रात्रीच्या लाईटीवर पाणी धरायला गेलेला माणूस तिच्या वाटेत येतो. म्हणून हात लावू नका, माणसं हटवा, १९२६ वर फोन करा.

आम्हीही फोन केला आणि वनखात्याची माणसं आली. डॉक्टरांनी बछडे तपासले, अंधार पडायच्या आत क्रेटमध्ये घालून सापडले त्याच जागी ठेवले. कॅमेऱ्यात नंतर पाहिलं: मादीने आधी क्रेटभोवती फेरी मारली, पंजाने तो कलंडवला आणि एकेकाला मानेला धरून नेलं.

गावात मात्र पिंजऱ्याचीच मागणी. माणूस मारणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण २००० नंतरच्या काही वर्षांत आमच्याकडचे बिबटे सरसकट पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा हल्ले वाढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी ते अभ्यासातून मांडलं आहे.

बिबट्याने शेळी-वासरू मारलं तर धड ओढून ओढ्यात टाकू नका, पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. गोठा वरूनही बंद करा. तारेच्या जाळीला पैसे लागतात खरे, पण गाईपेक्षा कमीच.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. मालकाच्या बंगल्याला कुंपण आणि दिवा, अन् ऊसतोड्यांच्या खोप्या उसाला खेटून. पहाटे अंधारात आईबाप फडात, पोरं उघड्यावर झोपलेली. वाकलेला माणूस आणि लहान मूल, यांनाच धोका जास्त. टोळी उतरेल तेव्हा खोप्या उसापासून लांब, मोकळ्या रानात घालू द्या, एक दिवा ओढून द्या आणि परसाकडला जायची सोय आपल्या वस्तीवर करा. उचल देताना मुकादमाशी एवढं बोलून घ्याच.