टी.डी.एस. एकच, अर्थ तीन



गेल्या महिन्यात एकाच दिवशी माझ्या गल्ल्यावर तीन कागद आले. एक कर सल्लागाराचा, दुसरा कापड रंगवून देणाऱ्या कारखान्याचा पाणी-तपासणीचा अहवाल आणि तिसरी घरच्यांच्या औषधाची चिठ्ठी. तिन्हींवर तीच अक्षरे होती : टी.डी.एस. दुकानातल्या नव्या मुलाने विचारले, "चाचा, औषधावरही टॅक्स कापतात का?" हसू आले, पण प्रश्न दुरुस्त होता. म्हणून हा खुलासा.

हिशेबाचा अर्थ : टॅक्स डिडक्टेड ॲट सोर्स. पैसे देणारा ठराविक कर आधीच कापून घेतो आणि पैसे घेणाऱ्याच्या नावावर सरकारी खजिन्यात भरतो. १ जुलै २०२१ पासून तो माल खरेदीलाही लागू झाला. ज्याची मागील वर्षाची उलाढाल १० कोटींवर आहे, त्याने एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांवर माल घेतला, तर वरच्या रकमेवर ०.१ टक्का कापायचा, असा तो नियम. म्हणजे ७० लाखांच्या खरेदीत २० लाखांवर २,००० रुपये. विक्रेत्याने ही रक्कम आपल्या पॅन नंबरवर जमा झाली की नाही, हे जरूर पाहावे.

पाण्याचा अर्थ : टोटल डिझॉल्व्ह्ड सॉलिड्स, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालतात. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना भरपूर मीठ लागते. ते कापडात राहत नाही, सांडपाण्यात जाते. तामिळनाडूत तिरुपूरला रंगाच्या सांडपाण्याने नोय्यल नदी खराब झाली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. होजिअरीच्या एवढ्या मोठ्या पेठेचे काम अडले. तेव्हा अहवालातला हा आकडा केवळ कारखानदाराचा नाही, आपल्या मालाचाही आहे.

औषधाचा अर्थ : लॅटिन भाषेतून आलेला. दिवसातून तीन वेळा घ्यावे. इथे चूक झाली तर पैसा नव्हे, जीव धोक्यात येतो. ओ.डी. पाहा. बँकेत ती ओव्हरड्राफ्टची सोय, औषधाच्या चिठ्ठीवर दिवसातून एकदा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे उजवा डोळा! इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसता इंग्रजी 'यू' लिहिला आणि तो शून्यासारखा दिसला, तर १० चे १०० होतात. म्हणूनच अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये अशा धोक्याच्या अक्षरांची यादी करून ती वापरण्यास मनाई केली. शब्द पूर्ण लिहा, असा दंडक घातला.

आपल्या धंद्यातही असेच आहे. जी.एस.एम. म्हणजे मोबाइलवाल्याला फोनची एक पद्धत, आपल्याला कापडाचे दर चौरस मीटर वजन. १८० जी.एस.एम.चे दीड मीटर पन्ह्याचे कापड एक मीटर घेतले, तर वजन २७० ग्रॅम भरते. पी.सी. म्हणजे कोणाला संगणक, आपल्याला पॉलिएस्टर-कॉटन. एका गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर 'शर्टिंग पी.सी. २०' लिहिले. त्याला सुती शर्टाचे २० पीस हवे होते. आम्ही पॉलिएस्टर-कॉटनचा २० मीटरचा तागा पाठवला. माल परत आला, दोन्हीकडचे भाडे आमच्या अंगावर पडले आणि गिऱ्हाईक नाराज झाले ते वेगळेच.

यावर उपाय साधे आहेत :

१) ऑर्डर आणि बिलावर पहिल्यांदा पूर्ण शब्द लिहा, मग संक्षेप.
२) आकड्यापुढे मीटर, नग, किलो की टक्के, हे लिहायला विसरू नका.
३) फोनवर घेतलेली ऑर्डर पुन्हा वाचून दाखवा.
४) औषधाची चिठ्ठी कळली नाही, तर अंदाज बांधू नका. डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारून वेळा मराठीत किंवा उर्दूत लिहून घ्या.

आमच्या उर्दू शाळेत मास्तर सांगत, एक नुक्ता वरचा खाली गेला की 'खुदा'चा 'जुदा' होतो. तीन अक्षरांचेही तसेच आहे. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता माल बांधण्यात नुकसान आहे.