ऊस कुरतडणारी घूस कोणती?

सभासद बंधूंनो, बुडख्याशी कुरतडलेला ऊस दिसला की आपण "घूस लागली" म्हणतो, आणि औषध ठेवतो गोठ्याच्या भिंतीला. तिथे मरते ती निराळी.

शास्त्रात घुशींची प्रजाती 'बॅन्डिकोटा'. हा मूळ तेलुगू शब्द, 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर. नाव अगदी चपखल! तिच्यात तीन जाती. 'इंडिका' ही मोठी घूस. घर, गोठा, गटार हे तिचे ठिकाण, वजन अर्धा ते एक किलो. 'सॅव्हिलेई' म्यानमार, थायलंड, व्हिएतनामकडची. ती आपल्याकडे नाही. फडातली चोर ती 'बेंगालेन्सिस', छोटी घूस, पाव किलोच्या आसपास. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत, खाली श्रीलंकेपर्यंत तिचा मुलूख.

तिचे बीळ लगेच ओळखू येते. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग, आणि तोंड बहुधा आतून बुजवलेले. बिळात ती एकटीच राहते, फार तर सोबत पिले. म्हणून दोन-चार बिळांत औषध टाकून भागत नाही. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळे बुजवा. सकाळी जिथे ताजी माती दिसेल ते बीळ चालू समजा. झिंक फॉस्फाईड वापरणार असाल तर आधी दोन-तीन दिवस नुसते तेल चोळलेले धान्य टाका, नाहीतर ती चाखून सावध होते. विषारी आमिष हातमोजे घालून बिळात खोल सारा. उघड्यावर कोंबड्या-कुत्री मरतात. शेजारच्या सभासदालाही त्याच दिवशी बरोबर घ्या. तुमचा फड तुटला की घुशी त्याच्या उभ्या उसात शिरतात.