घरच्या घरी मोटारसायकलची टाकी काढताना

टाकी काढणं म्हणजे मागचा एक बोल्ट, एक नळी आणि एक-दोन वायरी. खरी काळजी घ्यायची ती पेट्रोलच्या वाफेची. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. म्हणून काम उघड्या अंगणात करा. जवळपास देवघरातला दिवा, गॅस, पंख्याचं बटण काहीही नको. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

इथे सांगतो आहे ते जुन्या स्प्लेंडरसारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांबद्दल. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं. त्यांच्या नळीत दाब असतो आणि पंप टाकीतच बसवलेला असतो. त्या गाड्यांना सर्व्हिस मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय हात घालू नका.

गाडी डबल स्टँडवर घ्या. शक्यतो पेट्रोल कमी असतानाच काम काढावं, कारण दहा लिटर पेट्रोलचंच वजन सात किलोच्या वर जातं. साइड पॅनेल आणि सीट काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कॉक बंद करा. नळीची क्लिप पक्कडीने मागे सरकवा आणि नळी हलके पिळत काढा. सरळ ओढली तर जुनी नळी तोंडाशी चिरते. खाली फडकं धरा, थोडं पेट्रोल सांडतंच. टाकीतलं पेट्रोल इंधनासाठीच्या कॅनमध्येच काढा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच नको, घरात मुलं असतात.

मागचा बोल्ट सोडताना वायसर, रबर आणि बुश कोणत्या क्रमाने आहेत, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आता टाकी मागून चार बोटं उचला आणि थांबा. खाली डोकावून बघा: पेट्रोलच्या काट्याची वायर अजून जोडलेली असते. ती प्लगला धरून सोडवा. मग टाकी मागे सरकवत उचला, म्हणजे पुढच्या रबरांतून ती सुटते.

आत गंज आहे का ते टॉर्चने बघा, काडी ओढून नव्हे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. भोक पडलं असेल तर अशी टाकी तशीच वेल्डिंगला नेऊ नका.

बसवताना पुढची रबरं जागेवर आहेत ना, हे आधी पाहा. घट्ट वाटली तर साबणाचं पाणी लावा. तेलाने रबर फुगतं. काट्याची वायर आणि नळी जोडा, नळी कडक झाली असेल तर नवीच घाला. बोल्ट आधी हाताने आट्यात बसवून मगच पाना लावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, केबल टाकीखाली चेमटत नाही ना.

शेवटी पेट्रोल भरा, कॉक उघडा आणि दहा मिनिटं नळीच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. तिथे ओल दिसली तर गाडी सुरू करू नका. कॉक बंद करून क्लिप आणि नळी पुन्हा बसवा.