तळ्यातलं मुद्दल: गळ, वलगण आणि आपले मासे



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मृग तोंडावर आलेला असेल. पहिला जोराचा पाऊस झाला, ओहोळांना गढूळ पाणी आलं, की वलगणीचे मासे चढायला लागतात. मग गावातली लहानथोर सगळीच जाळी, टोपली, गळ घेऊन निघतात. त्याच दिवसांत जव्हारचा पाऊस आणि दाभोसा धबधबा बघायला शहरातली मंडळीही येतात. त्यांच्यातल्या काहींना गळ टाकून मासा धरायचा छंद असतो. पोटासाठी नाही, मजेसाठी. देशात-परदेशात मोठ्या तलावांवर अशा गळाच्या स्पर्धाही भरतात. ठरलेल्या वेळेत ज्याचा मासा सगळ्यात वजनदार, त्याला बक्षीस.

आता कुणी म्हणेल, एक गळ आणि एक मासा, त्याने तळ्याचं काय बिघडणार? बिघडतं की नाही, हे कोणता मासा, कधी आणि किती धरला यावर ठरतं. हा हिशोब आपल्याला जमण्यासारखा आहे. समूहात आपण दर महिन्याला मुद्दल आणि व्याज वेगळं मांडतोच ना? तळ्यातही तसंच असतं.

आधी पाणी कोणतं ते बघा

पहिला प्रकार म्हणजे गावतळं किंवा शेततळं. त्यात आपण विकत आणलेलं बीज सोडतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातींची अंडी मिळवली, तेव्हापासून केंद्रात बीज तयार करणं शक्य झालं. म्हणूनच १० जुलैला मत्स्यशेतकरी दिवस असतो. या प्रकारच्या तळ्यात धरलेल्या माशाची जागा आपोआप भरत नाही. पाहुण्याने चार रोहू नेले तर ते तुमच्या बीजाच्या खर्चातून गेले. इथे प्रश्न पैशाचा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे नदी, ओहोळ आणि त्यांच्यावरची धरणं. इथे मरळ, शिंगी, महसीर आणि कितीतरी लहान देशी मासे स्वतःच वाढतात. कुणी बीज सोडत नाही, म्हणून ते फुकटचे वाटतात. पण त्यांचं बीज पाण्यातच असतं, पोटात अंडी असलेल्या मादीच्या रूपात. ती संपली तर ते बीज कोणत्याच दुकानात मिळत नाही.

मोठी मादी म्हणजे मुद्दल

मासा लांबीने दुप्पट झाला की वजनाने साधारण आठपट होतो, कारण तो रुंदीत आणि जाडीतही वाढतो. अंडी वजनाच्या हिशोबाने असतात. रोहूच्या मादीत एका किलोमागे लाखाच्या वर अंडी असतात. म्हणजे वीतभर लांबीची मादी आणि दोन वीत लांबीची मादी यांच्या अंड्यांत दुपटीचा नाही, कितीतरी पटींचा फरक पडतो. बऱ्याच जातींत मोठ्या मादीची अंडीही दणकट असतात, त्यातून निघणारी पिल्लं जास्त तगतात.

स्पर्धेत बक्षीस कुणाला मिळतं? सगळ्यात मोठ्या माशाला. छंदाने गळ टाकणाऱ्याला फोटो कशाचा हवा असतो? सगळ्यात मोठ्या माशाचा. गळ नेमका मुद्दलावर पडतो, व्याजावर नाही. वर्षानुवर्षं मोठेच मासे काढले, तर मागे लहान राहूनच अंड्यावर येणारे मासे उरतात. मग तळ्यात मासे दिसतात खरे, पण सगळे बारके.

पिल्लं राखणारा मासा

मरळ तुम्हाला माहीत आहे. पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा फिरताना दिसला, तर खाली त्यांचे आईबाप असतात. आपली कोंबडी पिल्लं घेऊन फिरते, तशी मरळ फिरते. जवळ काही आलं की ती झडप घालते. गळवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. थव्याजवळ गळ फिरवला की मरळ हमखास लागते, भुकेने नाही तर रागाने. आईबाप गेले की बाकीचे मासे आणि पक्षी तो थवा बघता बघता फस्त करतात. एका गळाने एक मासा गेला असं दिसतं, पण त्याच्यामागे शेकडो पिल्लं गेलेली असतात.

अमेरिका-कॅनडात बास नावाचा मासा आहे. त्याचा नर घरटं राखतो. तिथल्या अभ्यासकांना दिसलं की नराला थोडा वेळ जरी घरट्यापासून दूर नेलं, तरी दुसरे मासे अंडी-पिल्लं खायला लागतात, आणि दमलेला नर बऱ्याच वेळा घरटं सोडून देतो. म्हणून विणीच्या काळात मासा धरून परत सोडला, तरी नुकसान होतंच.

“धरला आणि सोडून दिला”

काही छंदी लोक म्हणतात, आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो. हे मारण्यापेक्षा नक्कीच बरं. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. गळ घशात किंवा कल्ल्यात अडकला असेल तर मासा नंतर मरतो. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून रोग शिरतो. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून झुंज देऊन थकलेला मासा सावरत नाही. स्पर्धेत तर मासा वजन होईपर्यंत टाकीत किंवा पिशवीत ठेवतात आणि तळ्याच्या एकाच टोकाला सोडतात. तो कुठून आणला होता, त्या जागी पोहोचेलच याचा भरवसा नाही.

सोडायचाच असेल तर हात ओले करून धरायचा, पाण्यातल्या पाण्यात गळ काढायचा, जबड्याला लटकवून फोटो काढायचा नाही. गळ खोल गेला असेल तर ओढायचा नाही, दोरी कापायची. काटा उलटा न फिरलेला, सरळ टोकाचा गळ वापरला तर तो लवकर निघतो.

घट उशिरा का दिसते?

जाळ्याचा मासा काठावर येतो, वजन होतं, सोसायटीच्या वहीत लागतो. गळाचा मासा एकेका पिशवीतून जातो, कुठेच लिहिला जात नाही. दुसरं कारण, मासे ठरावीक जागीच गोळा होतात: ओहोळाच्या तोंडाशी, धरणाच्या भिंतीलगत, खोल डोहात. तळ्यातले मासे निम्मे झाले तरी त्या जागेवर ते मिळतच राहतात. सगळ्यांना वाटतं, आहेत की मासे! आणि मग एखाद्या वर्षी अचानक काहीच लागत नाही. कॅनडातल्या अभ्यासकांनी २००२ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की छंदाच्या मासेमारीने होणारी घट डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून आलेला माणूस दुसऱ्या तळ्यावर जातो. रिकाम्या तळ्याजवळ आपण राहतो.

तिळसेचा डोह आणि कावेरीची वही

आपल्याच वैतरणेवर, वाडा तालुक्यात तिळसेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या डोहातले मासे देवाचे मानतात, कुणी धरत नाही, उलट खाऊ घालतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथेही तसंच. या डोहांमध्ये हातभर मोठे मासे डोळ्यांनी दिसतात. नदीचा एक तुकडा जरी कायमचा राखला, तरी मोठ्या माद्या तिथे वाचतात आणि त्यांची पिल्लं पुढच्या पाण्यात जातात. जुन्या माणसांनी देवाच्या नावाने जे केलं, त्याला आज ‘राखीव क्षेत्र’ म्हणतात.

दुसरी गोष्ट कर्नाटकातली. कावेरी नदीवर अनेक वर्षं गळाचे कॅम्प चालायचे. मासा धरायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं आणि सोडायचं, असा नियम. त्यातून स्थानिकांना राखणदारीचं काम मिळालं आणि सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर वचक बसला. म्हणजे नियम असतील तर गळवाले मदतही करतात. पण त्याच नदीत, मासे वाढावेत म्हणून, बाहेरचं महसीरचं बीज सोडलं गेलं. हे निळ्या परांचे महसीर आपल्या लोणावळ्याच्या केंद्रात तयार होतात. पुढे गळवाल्यांच्या वह्या तपासल्या तेव्हा दिसलं की बाहेरचा महसीर वाढत गेला आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर कमी होत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

यातून दोन धडे. वही ठेवली म्हणून घट कळली. आणि बाहेरचं बीज नदीत सोडणं म्हणजे दरवेळी चांगलंच काम असं नाही. ते शेततळ्यात ठीक, ओहोळात नको.

मग वलगणीचं काय?

इथे मला जपून बोलायला हवं. पावसाच्या सुरुवातीला घरातलं धान्य सरत आलेलं असतं, हाताला काम नसतं. तेव्हा वलगणीचे मासे ही घराची गरज आहे, चैन नाही. ते धरूच नका, असं मी म्हणणार नाही. पण चढणारा मासा अंडी घालायलाच चढत असतो. ओहोळ या काठापासून त्या काठापर्यंत अडवला, तर एकही मादी वर पोहोचत नाही. म्हणून ओहोळाचा एक भाग मोकळा सोडायचा. आपल्या जिल्ह्यात सातपाटीचे मच्छीमारही १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौका घालत नाहीत. राज्याने २०२३ मध्ये समुद्रातल्या ५४ जातींसाठी किती लहान मासा धरायचा नाही, याची मापंही ठरवली. तीच समज आपल्या ओहोळाला लावायची. विषारी पाला, पावडर, सुरुंग मात्र कधीच नाही. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं गुन्हा आहे.

बोलायचा हक्क आपल्याला आहे का?

आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन पंचायत व्यवस्थेकडे दिलं आहे, आणि महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मोठ्या धरणांचं वेगळं असतं. तिथे मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना मिळतो. तुमच्या जवळचं पाणी कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी ग्रामपंचायतीत आणि विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

कुणी म्हणालं, तुमच्या तळ्यावर गळाची स्पर्धा भरवू, गावाला पैसे देऊ, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ग्रामसभेत या अटी ठेवा:

१. जून ते सप्टेंबर स्पर्धा नाही, गळाचा छंद नाही.
२. पिल्लांच्या थव्याजवळ गळ टाकायचा नाही.
३. माणशी किती मासे न्यायचे ते आधी ठरवायचं. ठरलेल्या मापापेक्षा लहान आणि फार मोठा, दोन्ही परत सोडायचे. मधले न्यायचे.
४. एक डोह किंवा एक कोपरा कायमचा राखीव. तिथे पाहुण्यांनी नाही आणि आपणही नाही.
५. येणाऱ्याची फी, नाव आणि नेलेले मासे वहीत लागतील. वही समूहाकडे राहील.
६. नायलॉनची तुटलेली दोरी, गळ, प्लॅस्टिक परत न्यायचं. दोरीत पक्षी अडकतात, गळ गुरांच्या आणि पोरांच्या पायात जातो.
७. पिठाचे गोळे पोत्याने ओतायचे नाहीत. ते कुजून पाण्यातला प्राणवायू खातात.

वही साधी ठेवा. पाच रकाने पुरे: तारीख, जागा, माशाचं नाव, लांबी (वितीत किंवा बोटांत), पोटात अंडी होती का. एक पावसाळा लिहिलं तर बोलायला आधार मिळतो. तीन पावसाळे लिहिलं तर मासे लहान होत चालले का, कोणती जात दिसेनाशी झाली, हे कुणालाही दाखवता येईल. हप्त्याची वही चोख ठेवणाऱ्या बायकांना हे जड नाही.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

• तुमच्या सासूच्या काळात ओहोळात कोणते मासे मिळायचे? त्यातले आज कोणते मिळत नाहीत?
• गावाजवळचं पाणी कोणत्या प्रकारचं आहे: बीज सोडलेलं की आपोआप मासे येणारं?
• या वलगणीला ओहोळाचा कोणता भाग मोकळा सोडायचा? त्यावर लक्ष कोण ठेवणार?
• वही कोण लिहील? लिहिता येत नसेल तर कुणाची शाळकरी मुलगी मदत करेल?

चर्चेत जे ठरेल ते ठराव म्हणून लिहा आणि ग्रामसंघाच्या बैठकीत मांडा. जुन्या माशांची नावं आठवतील तशी, तुमच्याच बोलीत लिहून सीआरपी ताईंकडे द्या. पुढच्या अंकात ती यादी गावांच्या नावांसह छापू.