फॉरमॅट मारायच्या आधी

काल फोनवर तू म्हणालीस, "मोठेबाबा, तुमचा कॉम्प्युटर लयच हँग होऊन राहिला. वणीहून पोराला बोलावते अन् फॉरमॅट मारून घेते." बेटा, दोन दिवस थांब. तो पोरगा येईल, पेनड्राइव्ह लावेल, विंडोज टाकेल, तीनशे रुपये घेऊन जाईल, आणि आठ दिवसांनी तो डबा पुन्हा तसाच रडेल. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

मशीन २०१२ चं आहे. दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क, विंडोज सेव्हन. टाइम ऑफिसातून रिटायर झाल्यावर त्याच्यावरच मी लग्नपत्रिका अन् अर्ज टाइप करत बसायचो. नागपूरला येताना ते राजूरच्या घरी ठेवून आलो, पण त्याची नाडी मला माहीत आहे.

आधी एवढंच पाहा, ते हळू केव्हा चालतं? सकाळी सहाला नीट चालत असेल आणि दुपारी दोनला पत्रा तापला की अडखळत असेल, तर विंडोजला शिव्या देऊ नको. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो. आणि आपल्याकडे तापायला फक्त ऊनच लागतं असं नाही. एकीकडे कोळशाची खाण, दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या. राजुरात पांढरा कपडा काळा होतो अन् काळा पांढरा, तर त्या सीपीयूच्या पोटात काय होत असेल? मी एकदा दोन वर्षांनी उघडलं होतं. पंख्याच्या खाली जो अॅल्युमिनियमचा जाळीदार ठोकळा असतो, त्याच्या फटींमध्ये राखाडी नमदा बसला होता. नखानं ओढला तर अख्खा निघाला, गोधडीतल्या कापसासारखा. पंखा वर गरगर फिरत होता आणि खाली हवेचा एक थेंब जात नव्हता.

म्हणून पहिलं काम अंगणात. प्लग काढ, सगळ्या वायरी काढ, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धर म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. समोरून पाहिलं तर डाव्या हाताचा पत्रा, मागं दोन स्क्रू. रंग द्यायचा एक इंची कोरा ब्रश घे. ब्लोअर मारणार असशील तर पंख्याची पाती बोटानं धरून ठेव. मोकळा पंखा ब्लोअरच्या हवेनं भिंगरीसारखा फिरतो, पोरांना मजा वाटते, पण बेअरिंग तिथंच मरते. ज्या डब्यात करंट येतो तो, म्हणजे एसएमपीएस, उघडायचा नाही. त्याच्यात प्लग काढल्यावरही वीज साठून राहते. त्याला बाहेरूनच हवा मार. आणि ओलं फडकं कुठंच नाही. भट्टीतला चुना पाणी प्यायला की काय करतो ते तुला राजुरात राहून मी सांगू का? तो कोरडाच झटकायचा, अन् पावसाळ्याच्या आधी झटकायचा.

तो ठोकळा उगीच उपसू नको. उपसलाच तर खालची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय बसवता येत नाही. लावायची तुरीच्या दाण्याएवढी. पोळीला तूप लावल्यासारखी नाही.

कॉम्प्युटर चालू होताना नुसता पीं-पीं करत असेल आणि स्क्रीन काळी असेल, तर रॅम काढ. तिच्या सोनेरी दातांवर पेन्सिलीचा पांढरा खोडरबर हळू फिरव, चुरा ब्रशनं झाड. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. परत बसवताना दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून लागल्या पाहिजेत. या खोडरबरानं मी जेवढी मशीनं जिवंत केली, तेवढी कुठल्या सॉफ्टवेअरनं केली नाहीत.

घड्याळात भलतंच जुनं साल येत असेल आणि बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर तो व्हायरस नाही. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल उतरलाय. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो.

आता खरं दुखणं, हार्डडिस्क. डब्याला कान लाव. घूं असा एकसुरी आवाज ठीक. पण मधूनच खट्... खट्... येत असेल तर त्या क्षणी बाकी सगळं सोड. स्कॅन नाही, डिफ्रॅग नाही, काही नाही. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढ, कारण ती डिस्क आणखी किती तास चालेल ते कोणी सांगू शकत नाही. आवाज नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटरमध्ये जा आणि डिस्कचा आलेख पाहा. तू काहीच करत नसताना तो छताला टेकलेला असेल, तर रोग सापडला.

आणि बाहेर काढताना एक कानमंत्र घे, हा मला महागात पडलाय. आपल्या गावातल्या एका बाईंचं मशीन मी फॉरमॅट केलं होतं. आधी विचारलं, "सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे ना?" त्या म्हणाल्या, "हो, सी मध्ये काहीच नाही, जे आहे ते डेस्कटॉपवर आहे." मी मान हलवली अन् एंटर मारला. डेस्कटॉप सी मध्येच असतो, बेटा. समोर दिसतो म्हणून लोकांना ती वेगळी जागा वाटते. मला माहीत होतं, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात आलंच नाही. त्यांच्या मालकांचे शेवटचे फोटो होते त्यात. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, चहा दिला. तो चहा मला अजून गिळवत नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स, माय डॉक्युमेंट्स ही तिन्ही सी ची लेकरं. आधी ती उचलायची.

खर्च करायचाच असेल तर एकाच ठिकाणी कर: एसएसडी. जुन्या डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि सुई ग्रामोफोनसारखी इकडून तिकडे पळते. विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली वाचते, म्हणजे सुईची नुसती दमछाक. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. २४० जीबीची साटा एसएसडी आपल्या मशीनच्या त्याच वायरींना लागते. जुनी डिस्क धडधाकट असेल तर फोटोंसाठी बाजूला राहू दे. मागवलीस तर पत्त्यावर 'राजूर कॉलरी, ता. वणी, जि. यवतमाळ' असं पूर्ण लिही. नुसतं राजूर लिहिलं की पार्सल अकोल्याला निघतं, विदर्भातल्या नाही, नगरकडच्या अकोल्याला. नाहीतर जालन्याकडं राजूरच्या गणपतीला.

रॅम दोनाची चार जीबी कर, त्याच जातीची पाहून. विंडोज ३२ बिटचं असेल तर त्याच्या पुढं घालून उपयोग नाही, त्याला दिसतच नाही.

सॉफ्टवेअरचं फार सांगत नाही. रनमध्ये एमएसकॉन्फिग लिहून स्टार्टअपमधल्या नको त्या खुणा काढ. अँटिव्हायरस एकच ठेव, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. 'तुमचा पीसी वेगवान करा' म्हणणारं जे काही आहे ते पहिलं काढ, खादाड तेच असतं. सी ड्राइव्ह गच्च भरू देऊ नको. पेनड्राइव्हमधले फोल्डर अचानक शॉर्टकट झाले तर रडू नको, फॉरमॅटही करू नको. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या आणि सिस्टमच्या फायली दाखवायला सांग, खरे फोल्डर फिकट रंगात तिथंच बसलेले असतात. शॉर्टकटवर मात्र चुकूनही क्लिक नाही.

एक पाप माझंच आहे. पत्रिकांच्या नादात मी त्यात शेकडो मराठी फॉन्ट भरून ठेवलेत. ते उघडताना मशीनला धाप लागते. पण सरसकट उडवू नको. माझ्या जुन्या फायली त्याच फॉन्टांच्या आधारानं उभ्या आहेत. फॉन्ट गेला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मशीन धड आहे तोवर त्या फायली युनिकोडमध्ये करून घे, मग फॉन्ट काढ.

लाइट गेल्यावर परत चालू करताना 'डिस्क तपासू का' म्हणत ते उलटे आकडे मोजतं. तू घाईत कळ दाबतेस, मला माहीत आहे. खट्-खट् नसेल तर तपासू दे त्याला. यूपीएसची बॅटरीही आता मेलेली असेल, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची मिळते.

आणि शेवटी विंडोज. सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, टेनचेही १४ ऑक्टोबर २०२५ ला. इलेव्हन आपल्या मशीनला पेलत नाही, त्याला टीपीएमची नवी चिप लागते. क्रोमनंही २०२३ मध्ये सेव्हनचा हात सोडला. तेव्हा या विंडोजवर बँकेचं काम अजिबात नको. एसएसडी बसली की मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवर आणतो. ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, आतल्या कशालाही हात न लावता. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात आयताच आहे. तुझ्या आईला नाही जमली तर पेनड्राइव्ह काढला की विषय संपला.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. ब्रश, स्क्रू ड्रायव्हर अन् पेस्ट माझ्याकडे आहे. तू एक कोरा खोडरबर आणून ठेव, आणि तोवर डेस्कटॉपवरचं सगळं पेनड्राइव्हवर घे. त्या पोराला फोन केला असशील तर नको म्हणून सांग.