काचेच्या टाकीतील शेवाळ : कारणे व उपाय

माशांची काचेची टाकी घरात आली की प्रथम सारे घर तिच्याभोवती जमते. महिना-दोन महिन्यांत मात्र काचा हिरवटतात, पानांवर धाग्यांची जाळी चढते, कधी सारे पाणीच हिरवे होते. मग एखाद्या रविवारी टाकी रिकामी करून खडे-वाळू साबणाने घासली जाते, नळाचे ताजे पाणी भरले जाते, आणि दोन-चार दिवसांत मासे उलटे तरंगू लागतात. शेवाळाने जे मासे दगावले नसते, ते स्वच्छतेने दगावतात. हे का होते व शेवाळ आवरावे कसे, याचा येथे थोडक्यात विचार करू.

शेवाळाला दोन गोष्टी हव्यात : उजेड आणि खत. माशांच्या मलमूत्रातून व कुजणाऱ्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो. फिल्टरमध्ये व खड्यांवर राहणारे उपकारक जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी. तिसरा त्या मानाने सौम्य, पण शेवाळाचे ते खतच. साबणाने घासताना हे जीवाणूच नाहीसे होतात व अमोनिया साचू लागतो. त्यात नळाच्या पाण्यातील क्लोरीनची भर पडते.

पहिला उपाय उजेडाचा. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये आणि दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. टाकीला रात्रीचा अंधार हवाच.

दुसरा उपाय अन्नाचा. दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील इतकेच अन्न द्यावे. घरातील प्रत्येकजण येता-जाता चिमूट टाकतो, तेथेच घोटाळा होतो. हे काम एकाच मुलाकडे सोपवावे.

तिसरा उपाय पाण्याचा. दर आठवड्यास पाव भाग पाणी रबरी नळीने, तळाचा गाळ ओढीत काढावे. पाव भाग पाणी बदलले की साचलेले नायट्रेटही सुमारे पाव भागाने उतरते. नुसती तूट भरून काढणे पुरेसे नाही. वाफेने पाणी जाते, क्षार मागेच राहतात. नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग घालावे, म्हणजे साधे क्लोरीन उडून जाते; क्लोरामाइन असल्यास मात्र दुकानात मिळणारे औषध वापरावे लागते. फिल्टरचा स्पंज काढलेल्या टाकीच्या पाण्यातच हलका पिळावा.

चौथा उपाय वनस्पतींचा. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या पाणवनस्पती शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात.

शेवाळाची ओळखही हवी. नव्या टाकीतील तपकिरी थर बहुधा डायटमचा असतो. तो पुसावा, काही आठवड्यांत तो आपोआप कमी होतो. हिरवे पाणी म्हणजे तरंगणारे एकपेशी शेवाळ. निळसर हिरवा, बुळबुळीत, दुर्गंधी पापुद्रा हे खरे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया होत. या शेवटच्या दोहोंसाठी टाकी जाड कापडाने तीन दिवस पूर्ण झाकावी, हवेचा पंप चालू ठेवावा व नंतर पाणी बदलावे.

मोरचुदासारखी औषधे आम्ही सुचविणार नाही. त्याने गोगलगायी व कोळंबी मरतात, माशांनाही अपाय होतो. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते. शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा सकर मासाही विचार करूनच घ्यावा. तो दक्षिण अमेरिकेचा, वाढून फूटभराहून मोठा होतो. टाकीत मावेना म्हणून लोकांनी सोडलेले असे मासे आपल्या देशातील तलाव-नद्यांत वाढून स्थानिक माशांना त्रासदायक ठरले आहेत. टाकीतला कोणताही मासा तळ्यात सोडू नये.

शेवटी एक गोष्ट. शेवाळ समूळ नष्ट करण्याच्या मागे लागू नये. समोरची काच स्वच्छ कापडाने पुसावी, मागच्या काचेवर थोडे राहू द्यावे. पिल्ले ते आनंदाने टिपतात. वरील नियम पाळल्यास फरक दिसण्यास चार-सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरणाऱ्याच्या घरी टाकीही टिकते आणि मासेही.