गोल विणकाम यंत्र : आधी छंद, मग हिशेब



मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही नावे घेतली की डोळ्यांपुढे यंत्रमाग उभा राहतो. ताणा काय आणि बाणा काय, हे आपल्या घरातील लहान मुलालाही सांगावे लागत नाही. परंतु कापड तयार करण्याची दुसरीही एक रीत आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी गेले आहे. ती म्हणजे फासांचे विणकाम, बाजाराच्या भाषेत होजिअरी. बनियन, मोजे, टी-शर्ट, कानटोपी हा सारा माल याच रीतीने होतो. हे कसब हौस म्हणून घरी कसे शिकावे आणि त्यात पैसा घालण्यापूर्वी काय पाहावे, हा आजच्या लेखाचा विषय. आम्ही स्वतः या कामात एकदा हात पोळून घेतले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

माग आणि फास

मागावर शेकडो उभे धागे ताणून त्यांतून आडवा धागा जातो. फासांच्या विणकामात एकच धागा पुरतो. त्याचा फास करायचा, त्या फासातून दुसरा फास काढायचा, असे काम पुढे सरकते. फास ओढला की पसरतो आणि सोडला की मूळ जागी येतो. बनियन अंगाला बसते आणि मोजा टाचेवर वळतो तो यामुळेच. याच गुणाचा दुसरा पैलू असा की, एक फास सुटला तर त्याखालचे फासही एकामागून एक उसवत जातात.

हे हुन्नर जुने आहे. इजिप्तमध्ये इस्लामी काळातील विणलेले सुती मोजे सापडले आहेत. त्यांवर निळ्या-पांढऱ्या धाग्यांची नक्षी आहे. स्पेनमध्ये बुर्गोस येथील मठात, १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या कबरीत विणलेली रेशमी उशी मिळाली. तिच्यावर कूफी लिपीत 'बरकत' हा शब्द विणलेला आहे. ते काम मुस्लिम कारागिरांचे मानले जाते. पुढे १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याची चौकट बनवली. १८४९ मध्ये मॅथ्यू टाउनसेंड याने उघडझाप करणाऱ्या जिभेच्या सुईचे पेटंट घेतले आणि गोल यंत्रांचा मार्ग सोपा झाला. आपल्या देशात तिरुपूर आज होजिअरीचे मोठे केंद्र आहे. तेथील पहिला होजिअरी कारखाना १९२५ मध्ये गुलाम कादर यांनी काढला, असे त्या शहराचा इतिहास सांगतो. आरंभीची यंत्रे हाताने फिरवायची होती.

यंत्र चालते कसे

गोल यंत्रात सुया वर्तुळात उभ्या असतात. मूठ फिरवली की चढ-उताराच्या खाचेतून एकेक सुई वर येते, धागा पकडते आणि खाली जाताना जुन्या फासातून नवा फास ओढते. फेरे होत जातात आणि खालून कापडाची नळी उतरते. नळीला शिवण नसते, कारण धागा जिन्यासारखा गोल गोल चढत जातो.

कारखान्यातील ३० इंच व्यासाच्या आणि इंचाला २४ सुया असलेल्या यंत्रात सुमारे २,२६० सुया बसतात. त्याला ९० ठिकाणांहून धागा मिळत असेल तर एका फेऱ्यात ९० ओळी होतात. हौशी लोकांसाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या यंत्रात ४८ सुया आणि एकच धागा, म्हणजे एका फेऱ्यात एक ओळ. तत्त्व मात्र तेच. म्हणून लहान यंत्रावर जे शिकाल ते वाया जात नाही.

पहिली कानटोपी

पहिल्या कामाला मध्यम जाडीची, गुळगुळीत ॲक्रिलिक लोकर घ्यावी. केसाळ किंवा गाठींची लोकर सुईत अडकते. लोकरीचा गोळा आधी पूर्ण उलगडून सैल गुंडाळावा.

१. सुरुवातीच्या सुईपासून धागा एका सुईच्या आकडीत आणि पुढच्या सुईच्या मागून, असा एकाआड एक न्यावा. हा पहिला फेरा अगदी सावकाश फिरवावा.

२. दुसऱ्या फेऱ्यापासून धागा यंत्राच्या धागावाटेतून सोडावा. सगळ्या सुयांनी धागा पकडला की नाही ते डोळ्यांनी पाहावे.

३. मूठ एकाच वेगाने फिरवावी. अडकल्यासारखे वाटले तर जोर करू नये, थांबून पाहावे. सुई मोडते ती अशाच जोराने.

४. सुमारे ११० ओळी झाल्यावर नळीच्या घेराच्या दुप्पट धागा ठेवून कापावा. तो मोठ्या सुईत ओवून यंत्रावरचा प्रत्येक फास क्रमाने त्यात उचलून घ्यावा.

५. दोन्ही टोकांचे धागे ओढून तोंडे बंद करावीत, गाठ मारावी आणि एक टोक दुसऱ्याच्या आत ढकलावे. दुहेरी कानटोपी तयार.

४८ सुया आणि ११० ओळी म्हणजे ५,२८० फास. त्यांतला एक जरी सुटला तरी टोपीला भोक पडते. सुटलेला फास क्रोशाच्या सुईने पायरी-पायरीने वर चढवून घेता येतो. हे आधी शिकावे, टोपी नंतर.

आमचे हात कसे पोळले

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने आम्हाला सांगितले, "यंत्र आमच्याकडून घ्या, माल आम्ही उचलू." घरातील बचत मोडून आम्ही दोन यंत्रे घेतली. घरच्या भगिनींनी रात्री जागून ४० टोप्या केल्या. त्यांपैकी ३१ परत आल्या. कारण सांगितले, माप सारखे नाही. आम्ही कागद काढून पाहिला, तर त्यात 'पसंत पडलेला माल घेऊ' एवढेच लिहिलेले होते. माप लिहिलेले नव्हते, ते आम्ही विचारलेही नव्हते.

राग ओसरल्यावर टोप्या मोजल्या. माप खरोखरच सारखे नव्हते. घट्ट गोळ्यातून धागा ओढला जाई तेव्हा फास लहान पडत, सैल गोळ्यावर मोठे. शिवाय यंत्रावरून उतरलेले कापड लांबीला ताणलेले असते. ते रात्रभर मोकळे ठेवून मग मोजायला हवे. आम्ही लगेच मोजत होतो. व्यापारी चलाख होता हे खरे, पण आमचे कसबही कच्चे होते. आम्ही छंदाची पायरी गाळून थेट धंद्यावर उडी मारली होती.

हा प्रकार नवा नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतही मोज्यांची हातयंत्रे घरोघरी विकली गेली, मोजे विकत घेण्याचे वचन देऊन. अनेकांचे मोजे कसोटीला उतरले नाहीत आणि यंत्र तेवढे घरात राहिले.

हिशेब आणि करार

आमचा सल्ला असा. पहिले तीन महिने एकच यंत्र आणि काम फक्त घरच्यांसाठी. सलग दहा टोप्या एका मापाच्या झाल्या की मगच विक्रीचा विचार करावा. दर ठरवताना समजा टोपीला ९० ग्रॅम लोकर लागली आणि लोकर किलोला ६०० रुपये असेल, तर लोकरच ५४ रुपयांची झाली. त्यात बिघडलेला माल, पिशवी, वाहतूक आणि स्वतःच्या वेळेची मजुरी धरावी. घरचे काम म्हणून मजुरी न धरणे ही आपल्याकडची जुनी चूक आहे. तो बोजा शेवटी घरच्या बायकांवर पडतो.

ऑर्डर घेताना नमुन्याची एक टोपी दोघांच्या सहीने बाजूला ठेवावी. माप, वजन, किती फरक चालेल, दर आणि पैसे देण्याची तारीख कागदावर असावी. माल उचलण्याच्या वचनावर यंत्र घेऊ नये. यंत्र चांगले असेल तर ते वचनाशिवायही विकले जाते.

शेवटी एक गोष्ट. खरे क्रोशाकाम करणारे यंत्र बाजारात आजही मिळत नाही. ते हातानेच होते. आपल्या घरांत क्रोशाच्या जाळीदार टोप्या विणणारे हात अजून आहेत. यंत्राने नळी काढावी, काठ आणि नक्षी हाताने घालावी. असा माल मोठ्या कारखान्याला सहज करता येत नाही. आमच्या परत आलेल्या ३१ टोप्या आम्ही उसवल्या, त्याच लोकरीच्या नव्याने विणल्या आणि काठाला क्रोशाची वेल घातली. त्या सगळ्या त्याच हिवाळ्यात मोहल्ल्यातच विकल्या गेल्या. दुसरे यंत्र आम्ही विकून टाकले. पहिले अजून चालू आहे.